ताठ बोट

अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची, श्रीनिवासरावांची चादर गादीखाली खोचताना मंदाकिनीबाईंच्या बोटाचं टोक एकदम लुळं पडलं. आतली शीर तुटली होती. डॉक्टरांनी पट्टी बांधून बजावलं, "सहा आठवडे बोट वाकवायचं नाही. एकदा जरी वाकलं, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!"

तिसऱ्याच आठवड्यात श्रीनिवासराव गेले. कोथरूडच्या त्या दोन खोल्यांत माणसं येऊन रडून गेली. बाईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. हात जोडतानाही त्यांचं सगळं लक्ष, बोट वाकत तर नाही ना, याकडेच होतं.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी पट्टी सोडली.

"छान जपलंत हो! आता वाकवा बघू हळूच. दुखतंय का?"

बाईंनी बोट वाकवलं.

"अजून नाही," त्या म्हणाल्या.