योजनेचं कोकरू

पहाटेपासून बासिलियाची मेंढी अडली होती. कोकराचं डोकं बाहेर आलेलं, पुढचे दोन्ही पाय आत मागे दुमडलेले. आणि सरकारी डॉक्टर रेनोसो मेंढवाड्यात उभे राहून हातमोजे काढत होते.

“पोट फाडावं लागेल, मावशी. कोकरू वाचेल, मेंढी जाईल.”

“जाईल म्हणजे?” बासिलियानं विचारलं.

“अहो, गावठी तर मेंढी. कोकरू सरकारी योजनेच्या मेंढ्याचं आहे. रविवारी पुनो शहरातल्या प्रदर्शनात दाखवायचंय.”

बासिलियाचं टाळकंच फिरलं. तिचं जावळ काढलं तेव्हा मानलेल्या बापानं तिला एक मेंढी दिली होती. त्या मेंढीच्या वंशातली ही शेवटची. हिच्या कानातले लाल लोकरीचे गोंडे बासिलियानंच ओवलेले.

“गावठी? आमच्या या एवढ्याशा मेंढ्यांवर तो रेड्याएवढा मेंढा सोडला कुणी? नको नको म्हणत होतो ना आम्ही? आता पोटात पोरं मावेनात, तर आयांनी मरायचं? व्वा रे तुमची सुधारणा!”

“मी दोनदा हात घालून पाहिलाय. जागाच नाही.”

“तुमच्या पंजाला नसेल. सरका बाजूला.”

तिनं हात धुतला, कोपरापर्यंत चरबी चोपडली. कळ ओसरली तसं डोकं हळूहळू आत ढकललं. बोटांना गुडघा लागला. खुरानं आतली पिशवी फाटू नये म्हणून तिनं तो मुठीत झाकून घेतला आणि पाय पुढे आणला. मग दुसरा. मेंढी कण्हत होती, बासिलिया तिच्याशी बोलत होती. पुढच्या कळेला कोकरू गवतावर येऊन पडलं. जीभ निळी, हालचाल नाही. तिनं नाकपुडीत गवताची काडी फिरवली. कोकरू शिंकलं. मेंढीनं मान वळवली आणि त्याला चाटायला लागली.

डॉक्टरांनी फोटो काढला. कोकराच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला. मग फॉर्म भरता भरता मोठ्यानं वाचू लागले, “जात, सुधारित. बाप, मेंढा क्रमांक चौदा. प्रसूती केली, डॉक्टर रेनोसो.”

“आणि आई?”

“आईचा रकाना नाही यात.”

बासिलियाचा हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेला होता. तो तिनं तसाच कमरेवर ठेवला.

“मग लिहा की डॉक्टर, मेंढा व्याला म्हणून!”