बुधवारचा जिना

मुलगा बॅग ओढत दारातून आत आला, तेव्हा आई जिन्याच्या वळणावर गुडघे टेकून पायरी पुसत होती. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, शेजारी दोन बादल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं.

"आलास? तिथेच थांब. वर ओलं आहे," ती म्हणाली आणि तिने फडकं पिळलं.

विमानप्रवास करून आलेल्या मुलाकडे तिने अजून नीट पाहिलंही नव्हतं. तिचं लक्ष पायरीच्या कोपऱ्यात होतं.

खोलीसाठी त्याने मनाची तयारी केली होती. लोखंडी खाट, एक टेबल, संडास-बाथरूम मजल्यावर सगळ्यांत मिळून एक, स्वयंपाकघरही सामाईक. हे तिने फोनवर सांगितलं होतं, तेही हसत हसत. निवृत्तीनंतर बियाण्यांच्या प्रयोगशाळेत वर्षभराचं काम मिळालं म्हणून ती या परक्या देशात आली होती, आणि प्रयोगशाळेपासून चालत जाता येईल अशी जागा हीच होती. पण जिना? घरी कामवाल्या मावशी आल्या नाहीत, तर तो बाहेरून माणूस बोलवायचा, पण आईला फरशीला हात लावू द्यायचा नाही.

भाड्यात हेही धरलंय का, असं त्याने विचारलं. या इमारतीत नोकरमाणूस नाही, ती म्हणाली. प्रत्येक बिऱ्हाडाचा एक वार असतो. बुधवार तिचा.

"आई, तुझं वय काय?"

"पायऱ्यांनी कधी विचारलं नाही."

"आणि तुझ्या सुनेला मी काय सांगू?"

"सांग, सासू जिने पुसते. खूश होईल."

त्याला हसू आलं नाही. बॅग तिथेच ठेवून तो तळमजल्यावरच्या दाराकडे वळला. तिथे दातांच्या डॉक्टरीणबाई राहत. जिन्याचा सगळा कारभार त्याच बघतात, हे त्याने आईकडूनच ऐकलं होतं. इथली भाषा त्याला नोकरीमुळे सफाईदार येत होती. त्याने अदबीने सांगितलं, की आईचं वय झालंय, गुडघे दुखतात, तिला या कामातून वगळावं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. ही आईंची स्वतःची इच्छा आहे का, एवढंच विचारलं. घरच्यांची आहे, तो म्हणाला. बाईंनी मान हलवली. आजारी माणसाला आणि पाहुण्याला इथे वार देत नसत, आणि घरच्यांनी सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नसे. पुढच्या बुधवारपासून त्या स्वतः करणार होत्या.

हे सगळं इतकं सोपं होईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने खालूनच आईला सांगून टाकलं.

आईचा हात थांबला. तिने फडकं बादलीच्या काठावर ठेवलं.

"कुणाला विचारून?"

"अगं, तुझ्यासाठीच तर बोललो."

"मी आले तेव्हा मला वार नव्हता," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सगळे माझ्यासाठी दार धरून उभे राहायचे. थंडी सोसते ना, म्हणून विचारायचे. मी स्वयंपाकघरात शिरले की आपापसातलं बोलणं बंद करायचे. मागे लागून लागून मी हा वार मिळवला. पहिल्याच बुधवारी कोपऱ्यात साबण राहिला, म्हणून एकजण माझ्याशी भांडला. त्या दिवशी मला गाढ झोप लागली." ती उठली. "आणि तू मला परत पाहुणी करून आलास."

ती खाली आली, त्याला वळसा घालून पुढे गेली आणि ओल्याच हाताने तिने डॉक्टरीणबाईंचं दार वाजवलं. तिची इथली भाषा अजून लंगडी होती. क्रियापदं कुठेही पडत होती, पण मुलाला शब्द न् शब्द कळला.

"हा माझा मुलगा," ती म्हणाली. "रविवारी जाणार. पाहुण्याने जिन्याचं बोलायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान तापले. मग त्यांनी जिन्याकडे पाहिलं, आणि कठडा राहिलाय असं म्हणाल्या.

"कठडा आधी. धूळ खाली पडते," आई म्हणाली. "हात लावून बघा."

बाई बाहेर आल्या. कठड्यावरून बोट फिरवून त्यांनी ते उजेडात धरलं. ते स्वच्छ निघालं, तशी मान डोलावून त्यांनी दार लावून घेतलं.

आई परत वळणावर जाऊन बसली. खालच्या पायऱ्या मी पुसतो, असं मुलगा म्हणाला. तुझा वार नाही, ती म्हणाली. तो बॅगेवर बसून राहिला.

थोड्या वेळाने बसचालकाच्या गणवेशातला एक माणूस बाजाराची पिशवी घेऊन आत आला. जिना ओला दिसताच त्याने पिशवी खाली ठेवली आणि तोही मुलाशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला. वरच्या पायऱ्या एकेक करून वाळत होत्या. खाली आई स्वच्छ पाण्याचा शेवटचा हात फिरवत होती, भिंतीकडून कठड्याकडे.

"बाकीच्यांच्या वारी आम्ही ओल्यातूनच जातो," बसचालक हलक्या आवाजात म्हणाला. "बुधवारी हिंमत होत नाही." मग त्याचं बॅगेकडे लक्ष गेलं. "तुम्ही कोण?"

मुलगा बॅगेवरून उठून उभा राहिला.

"मी त्यांचा मुलगा," तो म्हणाला.