पहारवाले

पहिल्या माणसाचा पाय उंबऱ्याच्या आत पडला आणि लेथवाल्याने लोखंडी सळई त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज लोखंड कातणाऱ्या चालू लेथ मशीनच्या घरघरीतही ऐकू आला.

तो माणूस पहार टाकून गुडघ्यांवर कोसळला. मागे आणखी तिघे होते, तिघांच्याही हातात पहारी.

"अहो, ऐकून तर घ्या!" त्यातला म्हातारा ओरडला.

लेथवाला कशाला ऐकतोय! गेल्या महिन्यात असेच चौघे मालकाचा निरोप घेऊन आले होते. इमारत पाडायची आहे, गाळा सोड. निरोपाबरोबर त्याचे दोन दातही पाडून गेले. त्या दिवशी तो नुसता हात जोडत राहिला होता, त्याची त्याला अजून लाज वाटत होती.

आज त्याने सळई फेकली, म्हाताऱ्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं आणि तोंडावर ठोसे हाणत सुटला. "करार आहे माझ्याकडे! मशीनला हात लावाल तर एकेकाला उभा चिरीन!" म्हाताऱ्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. उरलेले दोघे पहारी टाकून पळाले. खरं सांगायचं तर लेथवाल्याला फार बरं वाटलं.

तेवढ्यात बायको धापा टाकत आली. हातात फोडलेलं पाकीट. तिने आधी मशीन बंद केलं, मग जमिनीवरच्या दोघांकडे पाहिलं.

"काय करून बसलात हो हे? आपल्या वकिलाचं पत्र आलंय. मालकाने सगळं कबूल केलं. समोरचाच गाळा, एवढाच मोठा, भाडंही हेच. मशीन हलवायला जाणती माणसं आजच पाठवतोय म्हणून लिहिलंय."

लेथवाल्याने दाराकडे पाहिलं. पहारींच्या बाजूला जाड पाइपांचे तुकडे पडले होते. पहारीने मशीन उचलायचं, खाली पाइप सारायचे आणि ढकलत न्यायचं. हा लेथ त्याने स्वतः या गाळ्यात असाच आणला होता.

"बाबा, चुकलं माझं," म्हणत तो म्हाताऱ्याला उठवायला वाकला. म्हातारा अंग चोरून मागे सरकला.

रस्त्यापलीकडे, समोरच्या गाळ्याच्या उघड्या शटरपाशी मालक उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. त्याने शटर खाली ओढलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि पोलिसांना फोन लावला.