साध्या काचा

लेकीला चष्मा लागला आणि घरात रोजची रडारड सुरू झाली. कधी तो उशीखाली सापडायचा, कधी बुटात. शेवटी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणाऱ्या नवऱ्यानेच तोडगा काढला. आम्हा दोघांसाठी साध्या काचांचे चष्मे घेऊन आला. म्हणाला, "तिला ओरडू नकोस. आपण तिघंही घालू." मात्रा लागू पडली. पोर चष्म्याला सरावली आणि मी माझा काढून कपाटात टाकला.

हा मात्र काढायचं नावच घेईना! शाळेची बस घेऊन निघताना आधी चष्मा, मग बूट. वर आरशासमोर उभं राहून काचा पुसणं.

"आता कुणासाठी घालतोस रे?"

"राहू दे गं. बरा दिसतो."

माझ्या मनात पाल चुकचुकली. बरा दिसतो हे याला सांगितलं कुणी? मी तर नाही.

आज तो आंघोळीला गेल्यावर तोच चष्मा मी नाकावर चढवला. समोरची भिंत गरगरली, दार धड दिसेना. साध्या काचा कसल्या, चांगला जाडजूड नंबर होता! आणि हा माणूस इतकी वर्षं चष्म्याशिवाय पोरांनी भरलेली बस चालवत होता?

"येऊ दे बाहेर, बघतेच त्याच्याकडे," मी दातओठ खात म्हणाले.

लेकीने हळूच माझा हात धरला.



"आई, त्याला ओरडू नकोस ना. मीपण घालेन म्हटलं, तेव्हा कुठे तो तयार झालाय."