केसरबाईची पात

पुण्याच्या नोकरीचा राजीनामा अनंतनं जानेफळच्या शिवारात, शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून, तोंडी, आईला दिला.

“नोकरी सोडून राह्यलो, माय.”

“जेवला का?” तानुबाईचं खुरपं थांबलं नाही. कपाशीचं निंदण चाललं होतं. सहा बायका, प्रत्येकीला दोन-दोन ओळींची एक पात.

मग अनंतनं सगळं सांगितलं. प्रत्येक जिवाची घडण म्हणे चारच अक्षरांत लिहिलेली असते. कपाशीच्या एका रोगजंतूचा तसला मजकूर हाती लागला होता. त्याच्याशी जुळणारा दुसरा कुठे आहे का, हे हजारो नोंदींत शोधायचं. त्यासाठी सोळा कॉम्प्युटर एकदम जुंपले. पंधरा चटकन उरकतात आणि सोळाव्याची वाट पाहत बसतात. सोमवारपर्यंत वेग वाढला नाही, तर साहेब काम दुसऱ्याला देणार.

“वाटे कसे केले?”

“सारखे. नोंदी मोजून.”

“अन् गवत?”

कुठली नोंद चार ओळींची, कुठली पोथीएवढी. त्यानं नुसत्या नोंदीच मोजल्या होत्या.

समोर पुष्पाबाईची पात उरकली. ती उठली, कंबर सरळ केली आणि घरची वाट न धरता केसरबाईच्या पातीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. केसरबाईची साठी उलटलेली, त्यात वाट्याला नेमकी चिवट हरळी आलेली. ती अजून निम्म्यावरच होती.

“पुष्पामावशीले कोणी सांगतलं?”

“सांगाले कायले लागते? आपली पात उरकली का मांगं राह्यलेलीच्या सामोरं जायचं. केसरबाईले टाकून घरी जाता येते का बे?”

अनंतनं खिशातून एस.टी.चं तिकीट काढलं. पाठीमागे चार ओळी लिहिल्या. तिकीट संपलं तसा तळहातावर लिहू लागला.

“सोमवारी जातं ना मंग?”

“आजच जातो.”

तिकडे दोघींची खुरपी समोरासमोर आली. मधे हरळीचा एकच झुपका उरला. पुष्पाबाईनं हात आवरला आणि उगाच लुगड्याची माती झटकत बसली. केसरबाईनं तो झुपका उपटला, धुऱ्यावर भिरकावला आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली, “उरकली वं माही पात!”

“हे बी लिही,” तानुबाई म्हणाली.