निम्मी जागा

दादा गेला, पण त्याच्या कॉम्प्युटरमधलं काही पुसायला वहिनीचा हात धजेना. "यांचं आहे तसं राहू द्या, भाऊजी. शेजारी माझ्यापुरती नवी सिस्टीम टाकून द्या."

धाकट्या दिराचा धंदाच कॉम्प्युटर दुरुस्तीचा. त्याने डिस्कचे दोन सारखे भाग केले, एक दादाचा, एक वहिनीचा.

आठवड्याने वहिनीचा फोन आला, जागा संपली म्हणून. येऊन पाहतो तर दादाचा भाग पाऊण डिस्कभर पसरलेला.

"त्याचा भाग उघडला होतात?"

"पासवर्ड कुठे ठाऊक आहे मला?"

त्याने पुन्हा निम्मं-निम्मं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर वहिनीच्या वाट्याची बोटभर पट्टी उरली होती.

"असं कधी होत नाही, वहिनी."

वहिनी कोपर चोळत म्हणाली, "पलंगावरही तेच चाललंय, भाऊजी. काल तर मी खालीच पडले."