दुसऱ्या नंबरची घागर

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात शिवाजीनगरातल्या आमच्या वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या भाड्याच्या खोल्यांत, नळाला दिवसाआड, तेही सकाळी अर्धाच तास पाणी यायचं. रांगेत घागर ठेवून कुणी घरी गेलं, तर बाकीचे ती खुशाल शेवटी ढकलायचे. म्हणून आई आपल्या दुसऱ्या नंबरच्या घागरीजवळून हलत नव्हती. घरातल्या शेवटच्या तांब्याभर पाण्यात शिकेकाई कालवून तिनं केसांना थापली होती. डोकं धुऊन तिला गारमेंट फॅक्टरीची सातची गाडी गाठायची होती. पहिली घागर भरत आली, तेवढ्यात समोरच्या खोलीतली रंजिता कडेवर तान्हं पोर घेऊन धावत आली. तिची घागर केव्हाच शेवटी गेली होती. "अक्का, बाळाला पहाटेपासून जुलाब होतायत. घरात थेंब नाही." "स्वल्प थांब जरा, लाईन आहे," मागून कुणीतरी कानडी वळणानं म्हणालं. धार करंगळीएवढी झाली होती. आईनं आपली घागर उचलून शेवटी नेऊन ठेवली आणि रंजिताची नळाखाली सरकवली. "जागा माझी होती. कुणी बोलायचं काम नाही." "आई, आणि तुझं डोकं?" मी ओरडले. "ते कुठं पळून जातंय?" रंजिताची घागर गळ्यापर्यंत आली आणि नळ फुसफुसून बंद पडला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजू लागला. वाळत चाललेल्या शिकेकाईवरून रुमाल करकचून आवळत आई डबा घेऊन निघाली. "दिवसभर खाजवत बसशील!" मी मागून धावत म्हणाले. "मशीनवर दोन्ही हात गुंतलेले असतात गं," ती न थांबता म्हणाली. "खाजवायला सवड कुणाला?"